वस्तू जुनी, अक्षरं कधीची?

जुन्या अंगठीवर चार हिब्रू अक्षरं दिसली की तिचा भाव कुठल्या कुठे जातो. त्यामुळे लबाड कारागीर अख्खी नकली अंगठी घडवायच्या भानगडीत पडत नाही. खरी जुनी वस्तू घ्यायची आणि वर अक्षरं कोरायची. तपासायला दिली तरी वस्तू जुनीच ठरते! वय काढायचं असतं ते अक्षरांच्या खाचेचं.

यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण एका डाळिंबाचं. पाणघोड्याच्या दातातून कोरलेलं, जेमतेम 43 मिलिमीटर उंचीचं, बहुधा एखाद्या दंडाच्या टोकाला बसवलेलं. फ्रेंच अभ्यासक आंद्रे लेमेर यांना ते 1979 मध्ये जेरुसलेमच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसलं. त्यावरच्या मजकुरात देवाच्या मंदिराचा आणि पुरोहितांचा उल्लेख होता. जेरुसलेमच्या पहिल्या मंदिरातली, म्हणजे ज्यूंच्या तिथल्या सर्वांत जुन्या मंदिरातली वस्तू समजून इस्राएल म्युझियमने 1988 मध्ये ते साडेपाच लाख डॉलरना घेतलं. 2004 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने निकाल दिला: डाळिंब इ.स.पू. 14व्या-13व्या शतकातलं, म्हणजे मंदिराच्याही आधीचं; अक्षरं अलीकडची.

पुरावा तुटलेल्या कडेवर होता. डाळिंबाचा मोठा टवका प्राचीन काळीच उडालेला आहे. अक्षरं त्याआधीची असती, तर त्यांच्या रेघा थेट कडेपर्यंत गेल्या असत्या आणि कडेच्या बाजूने पाहिल्यावर त्यांची खाच दिसली असती. समितीला मात्र रेघा कडेच्या अलीकडेच थबकलेल्या दिसल्या. आणखी टवका उडेल म्हणून कोरणाऱ्याने हात आवरला असावा. लेमेर यांना हे मान्य नाही. 2007 मध्ये दोन्ही पक्षांच्या तज्ज्ञांनी त्याच कडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तरी एकमत झालं नाही.

सोन्याचं काम आणखी कठीण. ते गंजत नाही, त्यामुळे खाचेतल्या थरावरून फारसं कळत नाही. कार्बनच्या चाचणीचाही उपयोग नाही. मग हत्याराच्या खुणा बघायच्या: रेघ हाताने कोरलीय की फिरत्या यंत्राने? आणि झीज. अंगठी वापरून गुळगुळीत झालेली, पण अक्षरांच्या कडा धारदार, तर संशय घ्यायलाच हवा.

जर्मनीतल्या एरफुर्टच्या सोन्याच्या लग्नाच्या अंगठीला अशा झडतीची गरज पडत नाही. तिच्या वरच्या चिमुकल्या घराच्या छपरावर ‘मझल तोव’, म्हणजे हिब्रूत शुभेच्छा, असं कोरलंय. 1349 मध्ये तिथे ज्यूंची कत्तल झाली, त्या सुमारास पुरलेला हा ऐवज 1998 मध्ये खोदकामात सापडला. मधली साडेसहाशे वर्षं अंगठी कुणाच्या हाती लागलीच नव्हती.