उद्यान, अभयारण्य आणि पाडा : बोरिवलीच्या डोंगरातला जुना घोळ

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर वनखात्याचे एक तिकीट काढायचे आणि आत सहाएक किलोमीटर गेल्यावर कान्हेरी लेण्यांच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे दुसरे. पहिल्यांदा येणारा माणूस इथे हटकून कुरकुरतो. पण या दोन तिकिटांतच डोंगराचा अर्धा इतिहास आहे. जंगल एका खात्याचे, लेणी दुसऱ्याची. तलावांचा धनी तिसराच, महापालिका. आणि या तिघांच्याही आधीपासून जे इथे राहतात, त्यांचा उल्लेख कुठल्याच तिकिटावर नाही. नवापाडा, रावणपाडा, चुनापाडा, तुमणीपाडा, मालाडपाडा, चिंचपाडा. डोंगराच्या पलीकडे येऊरच्या अंगाला पाटोणपाडा, जांभूळपाडा, वनीचा पाडा. वस्ती मुख्यतः वारल्यांची. सोबत महादेव कोळी, मल्हार कोळी, कोकणा आणि काही कातकरी घरे.

लेण्यांबद्दल सगळे लिहितात, म्हणून थोडक्यात. इसवी सनाच्या आगेमागे सुरुवात, दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत राबता, शंभराच्या वर लेणी. मोठ्या चैत्यापुढे फोटो काढायला रांग लागते. मला मात्र तिथल्या पोढ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात खोदलेले टाके, वरच्या उतारावर बोटभर खोलीच्या पन्हळी, आणि पावसाचा थेंबन् थेंब त्या पन्हळीतून टाक्यात. शिलालेखांत या टाक्यांना ‘पानीयपोढी’ म्हटले आहे, म्हणजे आपला ‘पोढी’ हा शब्द दोन हजार वर्षे जुना. त्याच लेखांत दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे, चेऊलचे आहेत, आणि एका लेखात भिक्षूंसाठी ‘मंगलठाण’ गावातले शेत दान दिल्याची नोंद आहे. हे मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे. लेणी निर्जन अरण्यात होती असे समजणाऱ्यांनी एवढे एक शेत ध्यानात ठेवावे. शेत होते म्हणजे ते कसणारेही होते. विहार ओस पडू लागल्यावरही वाट मोडली नाही: १००९ आणि १०२१ साली इथे येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. आजही महाशिवरात्रीला कान्हेरीवर जी झुंबड उडते, तिला ही बौद्ध लेणी आहेत याने काही फरक पडत नाही.

पुढे साष्टी, म्हणजे हा डोंगर ज्यावर येतो ते बेट, पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ला मराठ्यांकडे आली, १७७४ला इंग्रजांनी घेतली. या सगळ्या उलथापालथीत डोंगरावरच्या माणसाच्या आयुष्यात काय बदलले, याची नोंद ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

जंगल राखले गेले ते वाघासाठी नव्हे, पाण्यासाठी. मुंबईला नळाचे पाणी हवे होते, म्हणून १८६०मध्ये विहार तलाव झाला आणि १८७९मध्ये तुळशी. पिण्याच्या पाण्याचा पाणलोट स्वच्छ हवा, म्हणून भोवतालच्या टेकड्यांवर बांधकाम नको, हा नियम आधीचा. निसर्गसंरक्षण हा शब्द त्यावर नंतर चढला. आज हिरवळीचे श्रेय कुणाला द्यायचे यावर वाद घालणाऱ्यांनी या दोन तलावांना पहिला मान द्यायला हरकत नाही.

उद्यानाचे पहिले नाव कृष्णगिरी. तेच नाव शिलालेखांत ‘कण्हसेल’ असे येते, आणि त्याच कुळातून ‘कान्हेरी’. स्वातंत्र्यापूर्वी या नावाचे जे उद्यान होते ते अवघे २०.२६ चौरस किलोमीटर. १९६९मध्ये आजूबाजूची राखीव वने जोडली गेली, १९७४नंतर ‘बोरिवली राष्ट्रीय उद्यान’ झाले, १९८१मध्ये आजचे नाव आले, आणि क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरच्या वर गेले. नावे बदलली तरी बोरिवलीकर आजतागायत ‘नॅशनल पार्क’च म्हणतो. रिक्षावाल्याला दुसरे कुठले नाव सांगून पाहा.

खरा घोळ सुरू होतो तो ‘उद्यान’ या शब्दापासून. मराठी कानाला उद्यान म्हणजे बाग. झोपाळा, कारंजे, भेळवाला. त्यात इथे गेटच्या आत होड्या होत्या, वनराणी ही छोटी गाडी होती (२०२१च्या तौक्ते वादळाने तिचे रूळ उखडले), सिंह-वाघांची सफारी आणि गांधी टेकडी. त्यामुळे तीन पिढ्यांनी हे ठिकाण ‘आज रविवार, चला बागेत’ असेच पाहिले. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘राष्ट्रीय उद्यान’ हा बागेच्या अगदी उलट टोकाचा शब्द आहे. त्याच्या शेजारी तोच कायदा ‘अभयारण्य’ हा दुसरा वर्ग ठेवतो. ऐकायला अभयारण्य जास्त कडक वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. अभयारण्य जाहीर करताना तिथल्या लोकांचा एखादा हक्क चालू ठेवायची मुभा जिल्हाधिकाऱ्याला आहे, तीही मुख्य वन्यजीव रक्षकाशी सल्लामसलत करून. राष्ट्रीय उद्यानासाठी कलम ३५ लिहिताना नेमकी ती एक मुभा गाळली. तिथे सगळे हक्क आधी सरकारजमा व्हायचे, मगच अंतिम घोषणा. गुरे चारायला तर सरळ बंदी.

म्हणजे जिथे गाय चरू शकत नाही तिथे रविवारी हजारो माणसे वेफर्सच्या पुड्या घेऊन फिरतात. हा टोमणा नाही, कायद्याचाच हिशेब आहे: पर्यटनासाठी प्रवेशाचा परवाना देण्याची सोय कायद्यात आहे, गेटवरचे तिकीट हा तो परवाना. पाहुणा परवान्याने आत येतो. जो आतच जन्मला त्याचे काय, या प्रश्नाला कायद्याचे उत्तर होते ‘हक्कांची निश्चिती’. ती इथे पाड्यापाड्यात जाऊन, माणसागणिक विचारून झाली असती तर पुढचे बरेच टळले असते.

तशी न झाल्याचे परिणाम नव्वदीत दिसले. उद्यानाच्या कडेने मालाड, कांदिवली, बोरिवली, मुलुंडच्या बाजूंनी झोपड्या डोंगरावर चढत होत्या. वस्ती काही लाखांच्या घरात गेली होती. झाडे तोडली जात होती, दारूच्या भट्ट्या होत्या, पाणी-वीज विकणारे दादा होते, आणि सगळ्यांना निवडणुकीपुरते अभय होते. हे कुणी नाकारत नाही. १९९५मध्ये एका पर्यावरण संस्थेने न्यायालयात धाव घेतली आणि मे १९९७मध्ये आदेश आला: अतिक्रमणे हटवा. १ जानेवारी १९९५च्या मतदार यादीत नाव असलेल्यांचे उद्यानाबाहेर पुनर्वसन करा, बाकीची बांधकामे पाडा. पात्र कुटुंबाने पर्यायी जागेसाठी सात हजार रुपये भरायचे.

इथे थोडे थांबतो, कारण उद्यानाविषयीची प्रत्येक चर्चा शेवटी याच आदेशापाशी येऊन अडते.

आदेशाच्या बाजूने बोलायचे तर तो नसता तर आज पश्चिमेकडच्या टेकड्यांचे काय झाले असते हे कळायला फार कल्पना लागत नाही. उद्यानाच्या भिंतीबाहेरच्या कुठल्याही टेकडीकडे पाहावे. बिबट्यांची इथली संख्या जगातल्या कुठल्याही महानगराला चकित करेल अशी आहे, तीही या आदेशाविना राहती ना. पण पुनर्वसनाची पहिली जागा सुचवली गेली ती कल्याणच्या पुढे. मालाडला घरकाम करणारी बाई किंवा नाक्यावर उभा राहणारा बिगारी तिथून रोज कसा येणार? लोक गेले नाहीत. दरम्यान २०००च्या सुमारास पाडकाम जोरात झाले. नंतर चांदिवलीला इमारती उभ्या राहिल्या, हजारो कुटुंबे तिकडे गेली, हजारो रांगेत राहिली.

आणि या सगळ्या फायलीत पाडेही शिरले. ‘अतिक्रमण’ हा शब्द नकाशावर रेघ ओढणाऱ्याचा आहे. रेघ आधी की घर आधी, हे तो शब्द विचारत नाही. कारवीच्या कुडाला शेणामातीने लिंपलेली भिंत असो की पत्र्याची खोली, यादीत दोन्हीपुढे एकच शेरा. पुरावा म्हणून मागितले ते मतदार यादीतले नाव. ज्याच्या आजोबाने इथेच नाचणी-वरी लावली त्याच्याकडे सांगायला वाघोबाचे ठाणे होते, दरवर्षी आश्विनात केलेली वाघबारस होती, आणि आंब्याची झाडे कुणी लावली हे ठाऊक होते. यातले काहीच फॉर्ममध्ये भरायची सोय नव्हती. काहींनी सात हजार भरले. भरले म्हणून पुढे असे म्हटले गेले की ते स्वतःच स्वतःला झोपडीधारक मानतात. न भरणाऱ्यांचा दावाच उरला नाही. दोन्हीकडून फास.

आदिवासी कुटुंबांसाठी पुढे वेगळी जागा निघाली, आरेच्या मरोळ-मरोशी भागात. म्हणजे एका जंगलातून उठवून त्याच जंगलाच्या दुसऱ्या तुकड्यात, इमारतीत. आरेतल्या पाड्यांचा प्रश्न स्वतःच उभा असताना ही जागा कुणाला सुचली असेल याचे मला आजही नवल वाटते.

या गुंत्यात २००६चा वनहक्क कायदा आला आणि निदान कागदावर तरी पारडे फिरले. १३ डिसेंबर २००५पर्यंत वनजमिनीवर राहणाऱ्या, तिच्यावर पोट असलेल्या आदिवासीचा हक्क मान्य करायचा. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही हलवायचे नाही. राष्ट्रीय उद्यानेही यातून सुटलेली नाहीत. वन्यजीवांसाठी जागा मोकळी करायचीच असेल तर ग्रामसभेची संमती हवी.

आता गंमत अशी, की बोरिवलीत ग्रामसभा नाही. आहे तो वॉर्ड. ग्रामपंचायत नाही म्हणजे ग्रामसभा नाही, ग्रामसभा नाही म्हणजे वनहक्क समिती नाही, आणि समिती नाही म्हणजे दावा दाखल करायचा तरी कुणाकडे? महानगराच्या हद्दीत हा कायदा कसा लागू व्हावा, यावर वर्षे गेली. आणि हे कुठल्या कायद्याबाबत? ज्याच्या व्याख्येतच ‘पाडा’ हा आपला शब्द बसलेला आहे. पंचायती नसलेल्या राज्यांत ‘पाडे, टोले आणि इतर पारंपरिक ग्रामसंस्था’ ग्रामसभेच्या जागी धराव्यात, असे कायद्याच्या मूळ इंग्रजी पाठातच लिहिले आहे. महाराष्ट्रात पंचायती आहेत, म्हणून ती ओळ आपल्याला लागू नाही असे म्हणणारे आहेत. ज्या भाषेतून शब्द घेतला तिथल्याच पाड्याला तो उपयोगी पडू नये, हे वाचताना कपाळावर हात जातो. वन्यजीव कायदा आणि वनहक्क कायदा यांतला कुठला वरचढ, हा वाद वकिलांना पुरून उरेल. तोवर अनेक पाड्यांत विजेचा खांब आणि पक्का रस्ता याच वादात अडकून पडतात, कारण ‘राष्ट्रीय उद्यानात सोयी देता येत नाहीत’.

गेल्या दहा वर्षांत घडामोडी दाटीवाटीने झाल्या. २०१६मध्ये उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची कड आखली गेली. २०१९मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत झाडे पडली आणि शहराला प्रथमच मोठ्या संख्येने कळले की तिथे पाडेही आहेत. २०२० साली आरेतला आठशेहून अधिक एकरांचा पट्टा राखीव वन करण्याचे ठरले. राखीव वन हाही आणखी एक शब्द, त्याचेही वेगळे नियम; पण इथे पुन्हा त्यात शिरत नाही. मग आला ठाणे-बोरिवली जोडबोगदा, उद्यानाच्या पोटातून जाणारा, जोडरस्त्यांसह ११.८ किलोमीटरचा. त्याचे बोरिवलीकडचे तोंड मागाठाण्याला. भिक्षूंना दान दिलेले शेत तिथेच कुठेतरी असेल.

बोगदा जमिनीखालून जातो म्हणून जंगलाला धक्का लागत नाही, असा हिशेब मांडला जातो. पाडा जमिनीवर आहे म्हणून तो धक्का ठरतो. दोन्ही वाक्ये एकाच डोंगराबद्दलची आहेत.

कान्हेरीला जाताना रस्त्याकडेला टोपली घेऊन बायका बसलेल्या दिसतात. पावसाळ्यात काकड्या, उन्हाळ्यात करवंदे, जांभळे. मीठ-तिखट लावलेली काकडी हातात घेतली की माकड कुठून येईल सांगता येत नाही, म्हणून त्या आधीच बजावतात, “इथंच खा, पुढं नेऊ नका.” बोलता बोलता विचारले तर पाड्याचे नाव सांगतील, आणि वाट कुठून फुटते तेही. मात्र पाडा हे पाहण्याचे ठिकाण नव्हे. कुणी ओळखीचे नसेल तर कॅमेरा घेऊन अंगणात शिरू नये.

सोमवारी पार्क बंद असते, लेणीही बंद. त्या दिवशी रस्त्यावर गाड्या नसतात, माकडे मोकळी फिरतात, आणि सकाळी पाड्यांतली माणसे त्याच गेटातून कामाला बाहेर पडतात.