शेजारणीचा दंड

दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं आणि रात्री ग्रुपवर फोटो येऊन पडला. बावीस बायका, दोन रांगा, मागे हॉलचा जांभळा पडदा. दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि आधी स्वतःला शोधलं. नजर थेट दंडावर. स्लीव्हलेस ब्लाउज घालायची हौस नडली होती. मग अर्ध्या सेकंदात नजर सरकली ती शेजारणीच्या दंडावर. तिचा बारीक. झालं! तीन तास पोट दुखेपर्यंत हसलो होतो, पाणीपुरीवर दोनदा ताव मारला होता, ते सगळं गेलं कुठल्या कुठे. फोटोत उरले फक्त दोन दंड.

गंमत म्हणजे त्याच संध्याकाळी जाताना सिग्नलला एका नटीचं भलंमोठं होर्डिंग लागलं होतं. तीही स्लीव्हलेसमध्येच. तिचे दंड बघून मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं.

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्याच्या डोक्यात शरीर नव्हतं; माणसाची मतं आणि क्षमता हा त्याचा विषय होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आपण कितपत बरे आहोत हे मोजायला हाताशी फूटपट्टी नसली, की माणूस दुसऱ्या माणसाचीच फूटपट्टी करतो. पण कुणाचीही नाही. अंतर जितकं जास्त, तितकी तुलना कमी. त्याने उदाहरण बुद्धिबळाचं दिलं होतं: नुकता खेळायला शिकलेला माणूस स्वतःला नामांकित खेळाडूंच्या शेजारी लावून बघत नाही.

नटीचा खेळच वेगळा. तिच्या दिमतीला ट्रेनर, आहारतज्ज्ञ, कॅमेरामन, आणि शेवटी फोटो घासूनपुसून देणारा कुणीतरी. शेजारीण मात्र आपल्याच बाकावरची. वय तेच, बाळंतपणं तितकीच, सकाळी डबे भरून निघणारी तीही. म्हणजे तिच्यापुढे सांगायला आपल्याकडे सबबच उरत नाही. बरोबरीच्या बाईशी केलेली तुलना झोंबते ती इथे, असं मला वाटतं.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात होग आणि मिल्स या संशोधिकांनी हेच प्रयोगात धरायचा प्रयत्न केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ११८ तरुण विद्यार्थिनी होत्या. अर्ध्यांना सांगितलं, फेसबुक-इन्स्टाग्रामवर आपल्या वयाची, आपल्यापेक्षा सुंदर वाटणारी ओळखीची मुलगी शोधा, तिचे फोटो बघा आणि एखाद्या फोटोखाली कमेंट टाका. उरलेल्यांनी तेच करायचं, पण घरच्या अशा माणसाच्या बाबतीत, जे त्यांना आपल्याहून सुंदर वाटत नाही. आधी आणि नंतर दोन्ही गटांना स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं ते विचारलं. पहिल्या गटाचं समाधान त्या काही मिनिटांत घसरलं. दुसऱ्या गटाला फरक पडला नाही.

इथे एक खोच आहे. दोन गटांत एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या: एकीकडे सुंदर आणि बरोबरीची, दुसरीकडे घरातली आणि तितकी सुंदर नसलेली. तेव्हा घाव घातला कशाने, सौंदर्याने की बरोबरीने, हे यातून वेगळं काढता येत नाही. ‘सोशल मीडिया वाईट’ असा मथळा देऊन मोकळं होणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं. तरीपण एक गोष्ट दिसतेच. सगळ्या मुली सोशल मीडियावरच होत्या. फरक पडला तो त्या कुणाकडे बघत होत्या यामुळे.

आता त्या नजरेकडेच बघू. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात अनिता यान्सन आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रापुढे तरुणींना बसवलं आणि त्यांना स्वतःच्या शरीराचे व इतर बायकांच्या शरीराचे फोटो दाखवले. कुठला भाग छान आणि कुठला ओंगळ, हे जिचं तिनेच ठरवायचं. २००५ साली छापून आलेला निकाल वाचून मी हसले आणि मग जरा गप्प झाले. खाण्या-वजनावरून ज्यांच्या मनात काच होता, त्यांचे डोळे स्वतःच्या फोटोत नावडत्या भागावर रेंगाळत आणि दुसरीच्या फोटोत तिच्या छान भागावर. ज्यांना असा काच नव्हता त्यांचं बरोबर उलट: स्वतःचं चांगलं बघायचं आणि दुसरीचं खोट असलेलं! म्हणजे निकोप नजर निःपक्षपाती असते असं नाही. तीही पक्षपात करते, फक्त आपल्या बाजूने.

गेट-टुगेदरच्या दुसऱ्या दिवशी त्या बारीक दंडवालीचा मला मेसेज आला: “तुझे केस अजून किती दाट आहेत गं! मी फोटोत टकली दिसतेय.” मी तिचे केस बघितलेसुद्धा नव्हते.

त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या एका प्रयोगात, २०११ मध्ये, नजरेला मुद्दाम वळण लावून बघितलं. समाधानी बायकांची नजर त्यांच्या स्वतःच्या नावडत्या भागाकडे वळवत राहिलं, तर समाधान घटलं. असमाधानी बायकांना स्वतःचे आवडते भाग बघायची सवय लावली, तर वाढलं. ना कुणाचं वजन बदललं, ना माप.

तुलना मनातल्या मनात चालते असं आपण समजतो. पण ती मोठ्याने, हसतखेळत, चहाबरोबरही चालते. “मी बघ किती सुटलेय.” “छे गं, तू कुठे! माझं पोट बघ.” हा संवाद ज्या बाईने कधी केला नाही तिने हात वर करावा. ‘सुटणे’ हा शब्दच बघा ना, जणू आपण कुठेतरी बांधलेले होतो. अमेरिकेत या बोलण्याला ‘फॅट टॉक’ म्हणतात. शाळकरी मुलींच्या गप्पा ऐकून मिमी निक्टर आणि नॅन्सी वुकोविच यांनी १९९४ मध्ये हे नाव रूढ केलं. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात ९३ टक्के कॉलेजकन्यांनी आपण असं बोलतो हे कबूल केलं. समोरचीचं सगळ्यात नेहमीचं उत्तरही तेच, “छे, तू कुठे जाड!” बोलून बरं वाटतं, असं अनेकींचं म्हणणं पडलं. पण ज्या जास्त बोलत, त्या स्वतःच्या शरीरावर जास्त नाराजही होत्या.

बोलण्यामुळे नाराजी की नाराजीमुळे बोलणं? अशा पाहण्यांतून ते कळत नाही, आणि बहुधा दोन्ही खरं आहे. ज्यांना स्वतःचं शरीर आवडत नाही त्या तुलनाही जास्त करतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. असे बरेच अभ्यास एकत्र तपासून २००९ मध्ये मायर्स आणि क्राउथर यांनी दाखवलं, की तुलना आणि नाराजी यांचं नातं पुरुषांपेक्षा बायकांत घट्ट असतं आणि वयाबरोबर सैल होत जातं. पन्नाशीकडे झुकलेल्या मला तेवढाच दिलासा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती मात्र फिजीची गोष्ट. तिथल्या मूळ रहिवाशांत भरलेलं अंग चांगलं मानत. रस्त्याने जाणाऱ्याला ‘ये, जेवायला बस’ म्हणून हाक मारायची पद्धत. कुणी वाळलं तर त्याच्याकडे घरादाराचं लक्ष नाही असा अर्थ. नाड्रोगा प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ अॅन बेकर यांनी टीव्ही येताच शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींची. खाण्याच्या विकारांची शक्यता दाखवणारे गुण पहिल्या खेपेला १२.७ टक्के मुलींचे होते, १९९८ मध्ये २९.२ टक्के. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के. आपण फार जाड आहोत असं निदान अधूनमधून वाटणाऱ्या मुली ७४ टक्के. मुली दर खेपेला साठ-पासष्टच होत्या, हे लक्षात ठेवायचं. तरी ही पाहणी जगभर गाजली आणि खापर टीव्हीवर फुटलं.

२०११ मध्ये बेकर यांनीच पुढचा अभ्यास छापला, त्याचा मात्र फारसा गाजावाजा झाला नाही. या वेळी मुली ५२३. प्रश्न दोन: तू स्वतः टीव्ही किती बघतेस, आणि तुझ्या भोवतालचे, मैत्रिणी वगैरे, किती बघतात? दोन्हींचा एकत्र हिशेब मांडल्यावर खाण्याच्या विकारांशी नातं टिकलं ते भोवतालच्यांच्या बघण्याचं. स्वतः मुलीने किती टीव्ही बघितला याचं वजन त्यापुढे उरलं नाही. पडद्यावरची सडपातळ गोरी बाई नाड्रोगातल्या मुलीपर्यंत बहुधा पोचली ती वर्गातल्या मैत्रिणीच्या अंगाने.

आपल्याकडेही ‘तब्येत सुधारलीय हं!’ हे कौतुकच होतं. आता कुणी म्हणालं तर दिवसभर डाचतं. माझी मावशी अजूनही दारात पाऊल टाकल्याबरोबर तेच म्हणते, आणि खरंच खूश होऊन म्हणते. टीव्ही तिच्याकडे चाळीस वर्षं आहे, दुपारच्या सगळ्या मालिका तिला तोंडपाठ आहेत. पण तिच्या भजनी मंडळात गुडघे आणि शुगर हे दोनच विषय चालतात.