एक्स-रे क्लिअर, म्हणजे आत काही नाही?

सावदा-रावेरकडे केळीचा ट्रॅक्टर उलटला आणि माणूस चालत घरी आला, की हमखास ऐकू येतं: "एक्स-रे क्लिअर आहे ना, मग काही नाही." हे खरं नाही. पोटावर जोराचा दाब आला की छाती-पोटामधला स्नायूचा पडदा, म्हणजे श्वासपटल, फाटू शकतं आणि पहिल्या एक्स-रेत ती फाट नजरेतून सुटू शकते. ही फाट सहसा आपोआप भरत नाही. श्वासागणिक जठर, आतडी वर छातीत ओढली जातात. बहुधा डावीकडून, कारण उजवीकडे यकृत आड येतं. मग महिन्यांनी, कधी वर्षांनी, जेवल्यावर धाप लागते, उलट्या होतात आणि लोक ॲसिडिटीच्या गोळ्या घेत बसतात! आतडं अडकून रक्तपुरवठा तुटला तर जिवावर बेततं. असा त्रास असेल तर डॉक्टरांना जुना अपघात आवर्जून सांगा, सीटी स्कॅनचं विचारा.