विसरण्याच्या तक्रारीसाठी मेंदूचा एमआरआय : रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

बीपी-शुगर जुनी आहे. अलीकडे हिशेबाला वेळ लागतो, दोन कामे एकदम सांगितली की गोंधळ उडतो, पण रोजचे व्यवहार ज्याचे त्याला जमतात. अशा वेळी डॉक्टर चिठ्ठीवर ‘एमसीआय, व्हॅस्क्युलर?’ असे लिहितात. एमसीआय म्हणजे स्मरण-विचारशक्तीतली सौम्य घट, व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे झालेली. एमसीआय आहे की नाही हे स्कॅनवर ठरत नाही; ते डॉक्टरांच्या तपासणीत आणि स्मरणचाचणीत ठरते. रक्तवाहिन्यांच्या आजाराने मेंदूचे कुठे आणि किती नुकसान झाले, एवढे आम्ही स्कॅन करणारे दाखवू शकतो.

चाचणी घरच्या भाषेत करून घ्या. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याला मराठीतून प्रश्न विचारले तर गुण उगाच कमी पडतात. यंत्रमागावर आयुष्य गेलेल्यांचे कानही आधी तपासा. जे ऐकूच आले नाही, तेही ‘विसरले’ म्हणून धरले जाते.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूचा मोठा झटका (स्ट्रोक) किंवा रक्तस्राव दिसतो, बारीक वाहिन्यांचे नुकसान मात्र बरेचदा सुटते. म्हणून एमआरआय, आणि त्यात चार प्रकारची चित्रे हवीतच : बारीक वाहिन्यांच्या नुकसानीने पडणाऱ्या पांढऱ्या डागांसाठी फ्लेअर, ताज्या झटक्यासाठी डिफ्यूजन, सूक्ष्म रक्तस्रावासाठी एसडब्ल्यूआय, आणि हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीचा भाग) आकसला आहे का हे पाहायला थ्रीडी टी-वन. हिप्पोकॅम्पस बराच आकसला असेल तर अल्झायमरचाही विचार करावा लागतो. दोन्ही आजार एकत्र असणे दुर्मीळ नाही.

रिपोर्टमधले ‘फाझेकास’ म्हणजे पांढऱ्या डागांची 0 ते 3 अशी श्रेणी. सत्तरीत 1 आली तर सहसा घाबरण्यासारखे नसते. पन्नाशीत 3 आली तर बीपी, शुगर, विडी-तंबाखू यांकडे लगेच पाहायला हवे. ‘लॅक्युन’ म्हणजे 3 ते 15 मिमीची जुन्या झटक्याची पोकळी. इथे आकारापेक्षा जागा मोलाची : थॅलॅमसमधली (मेंदूच्या खोल मध्यभागातली) एकच पोकळी कधी स्मृती बिघडवते. ‘मायक्रोब्लीड’ (सूक्ष्म रक्तस्राव) वाचून ॲस्पिरिन परस्पर बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

स्कॅनला साधारण 20 ते 30 मिनिटे लागतात. बहुतेकदा कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन लागत नाही, म्हणून उपाशी येऊ नका आणि बीपीची गोळी चुकवू नका. मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना, चुन्याची डबी, कवळी, कानाचे यंत्र बाहेरच ठेवा. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील इम्प्लांट असेल किंवा वेल्डिंग-ग्राइंडिंग करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. इम्प्लांटचे कार्ड आणा. एमआरआय यंत्राचे चुंबक रात्रंदिवस चालू असते. जुने गोंदण असेल तर तेही सांगा. क्वचित तिथे चटका जाणवतो.

स्कॅन बिघडतो तो बहुधा हालचालीने. डोके जरा हलले की फ्लेअरवर सावल्या पडतात आणि बारीक डाग त्यात हरवतात. खोकला असेल तर तो बरा झाल्यावर या. लघवीला जाऊन मगच टेबलावर झोपा. आवाज मोठा असतो, कानात बोळे देतो. घाबरल्यास आम्हाला बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा दाबा.

जुन्या स्कॅनची सीडी असेल तर आणा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. डाग वाढले की तेवढेच आहेत, हे चित्रे शेजारी ठेवल्यावरच कळते. त्रास वाढला नसेल तर दर सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. ते पैसे घरी बीपीचे यंत्र घेण्यात घाला.