ठोसा दिसल्यावर उशीर झालेला असतो

१९८५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी फ्रँक ब्रूनो या हेवीवेट बॉक्सरला टांगलेल्या, गादी लावलेल्या एका वजनावर ठोसा मारायला लावला आणि त्याची मोजमापं घेतली. मूठ निघाल्यापासून ०.१ सेकंदात जवळपास अर्धा मीटर अंतर कापून ती आदळली. आदळताना वेग होता सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. बल भरलं ४०९६ न्यूटन. ४०० किलोंहून थोडा जास्तच भार क्षणभर अंगावर यावा इतकं. ब्रूनो दहा वर्षांनी विश्वविजेता झाला, तेव्हा हा काही ऐऱ्यागैऱ्याचा ठोसा नव्हता. पण यातला खरा धडकी भरवणारा आकडा ४०९६ नाही, ०.१ आहे.

डोळ्यांना काही दिसलं आणि त्यावर स्नायू हलायला लागले, एवढ्यातच माणसाचे साधारण ०.२ सेकंद जातात. तेही काय येणार हे आधीच ठाऊक असेल तर. जॅब (पुढच्या हाताचा झटपट, सरळ ठोसा) येईल की हुक (बाजूने वळवून मारलेला), डावा की उजवा, डोक्यावर की बरगड्यांवर, असे पर्याय वाढले की वेळही वाढतो. ताशी १४० किलोमीटरने येणाऱ्या चेंडूसमोर फलंदाजाला जवळपास अर्धा सेकंद मिळतो. बॉक्सरला त्याचा पाचवा हिस्सा. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर जवळून मारलेला प्रत्येक ठोसा लागायलाच हवा.

तसं होत नाही, कारण चांगला बॉक्सर ठोसा पाहून तो चुकवतच नाही. ठोशाच्या आधी जे घडतं ते तो वाचतो. मूठ सुटण्यापूर्वी मागच्या पायावर भार येतो, कंबर वळते, खांदा किंचित उचलला जातो. म्हणून प्रशिक्षक सांगतात, ग्लोव्हजकडे बघू नका, नजर छातीवर ठेवा. तिथून दोन्ही खांदे, कोपर आणि पाय नजरेच्या कडेने टिपता येतात, आणि नजरेची कड बारकावे पाहण्यात कच्ची असली तरी हालचाल पकडण्यात पक्की असते. नवशिक्याची अडचण याच्याही आधीची असते. चेहऱ्याकडे काही आलं की डोळे मिटतात आणि तोंड वळतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, भित्रेपणा नव्हे. पण मिटलेल्या डोळ्यांत एक अख्खा ठोसा मावतो. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक दिवस जोडीदाराच्या हलक्या टपल्या उघड्या डोळ्यांनी झेलण्यात जातात.

आता स्लिप घ्या, म्हणजे ठोशाच्या रेषेतून डोकं बाजूला काढणं. समोरून डाव्या हाताचा जॅब येतोय. उजव्या हाताचा बॉक्सर डावा खांदा आत वळवतो, गुडघे किंचित मोडतो आणि भार उजव्या पायावर नेतो. डोकं जेमतेम वीतभर उजवीकडे सरकतं आणि ग्लोव्ह डाव्या खांद्यावरून निघून जातो. वीतभरच, कारण त्याहून जास्त सरकणं म्हणजे वेळ वाया घालवणं. शिवाय आता उजवा हात ताणलेल्या स्प्रिंगसारखा तयार असतो, आणि प्रतिस्पर्ध्याचा डावा हात अजून चेहरा झाकायला (गार्डमध्ये) परतलेला नसतो. एवढ्या झटक्यात डोकं हलूनही नजर समोरच्यावर राहते, याचं श्रेय आतल्या कानातल्या संतुलन यंत्रणेला. मोबाइल हलवून त्यावरचा मजकूर वाचून बघा, मग मोबाइल स्थिर ठेवून डोकं तितक्याच वेगाने हलवून वाचा. दुसऱ्या वेळी अक्षरं बरीच स्थिर दिसतील. डोकं वळताच सुमारे सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळे उलट दिशेला फिरतात, तेही विचार न करता.

हुकपुढे मात्र स्लिप कामाची नाही. हुक बाजूनेच येतो, तेव्हा खाली बसून त्याखालून निघावं लागतं. इथे गुरुत्वाकर्षण आडवं येतं. गुडघे सैल सोडले तरी शरीर ०.१ सेकंदात फक्त ५ सेंटिमीटर खाली येतं, ०.२ सेकंदांत २० सेंटिमीटर. आधीच गुडघे मोडून, थोडं वाकून उभा असलेला बॉक्सर हा उशीर आगाऊच भरून ठेवतो.

हाताने ठोसा बाजूला सारणं, म्हणजे पॅरी, दिसायला अगदी किरकोळ. पण ठोसा आणि चेहरा यांत ३० सेंटिमीटर उरलेले असताना त्याला १० सेंटिमीटर बाजूला न्यायचं असेल, तर त्याच्या पुढे येण्याच्या वेगाच्या एक तृतीयांश वेग आडवा द्यावा लागतो. म्हणजे ठोसा समोरून अडवायला जेवढा धक्का लागेल, त्याच्या ढोबळमानाने तिसरा हिस्सा पुरतो. मनगटाची छोटीशी थाप बास होते. जितकी लवकर, तितकी हलकी.

आणि काहीच जमलं नाही तर? तर ठोशाबरोबर मागे जायचं. मूठ सेकंदाला ९ मीटरने येत असताना डोकं २ मीटरने मागे जात असेल, तर आदळण्याचा वेग ७ राहतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती ६० टक्क्यांवर येते. उलट तितक्याच वेगाने ठोशात शिरलात, तर दीडपट. नॉकआउटची पुष्कळ दृश्यं पाहिलीत तर मार खाणारा त्या क्षणी स्वतःच पुढे येताना दिसेल. हनुवटी छातीशी ठेवायची तीही भौतिकशास्त्रासाठीच. बाहेर काढलेली हनुवटी हा तरफेचा लांब दांडा, तिथे बसलेला ठोसा डोकं गर्रकन फिरवतो. मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा हे फिरणं जास्त बाधतं.

अंदाजावर उभ्या असलेल्या या बचावाला एक छिद्र आहे, ते म्हणजे हूल. खांदा हलवायचा, ठोसा द्यायचाच नाही. समोरचा स्लिप करतो आणि नेमका दुसऱ्या हाताच्या वाटेत जातो. गंमत अशी की खांद्याची खूण वाचायला शिकलेल्या जाणकारालाही हूल फसवू शकते.

हेल्मेटमुळे हे सगळं सोपं होईल असं वाटतं. १९८४ पासून ऑलिम्पिकमध्ये बॉक्सर ते घालत. पण त्याने जखमा कमी होतात, डोक्याचं फिरणं फारसं थांबत नाही. वर डोकं मोठं होतं आणि बाजूचं कमी दिसतं. २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुष गटात ते काढलं गेलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष उघड्या डोक्याने लढले. भुवईवर, कपाळावर जखमा वाढल्या, तो भाग अपेक्षितच होता.

पुस्तकी बचावात न बसणारा माणूस म्हणजे मुहम्मद अली. हात खाली, डोकं सरळ रेषेत मागे. कुठल्याही प्रशिक्षकाने ओरडावं असं. तरुणपणी वेगामुळे हे खपून गेलं, पण हेन्री कूपर आणि जो फ्रेझर या दोघांच्या डाव्या हुकने त्याला खाली पाडलंच. ३० ऑक्टोबर १९७४ ला आफ्रिकेतल्या किन्शासामध्ये तेव्हाचा हेवीवेट विश्वविजेता जॉर्ज फोरमनसमोर तो उतरला, तेव्हा फोरमनच्या ४० पैकी ४० लढती जिंकलेल्या आणि ३७ नॉकआउट होते. अलीने पळणं सोडलं. तो सैल दोरांवर रेलला, कोपरांनी बरगड्या आणि ग्लोव्हजनी चेहरा झाकला, आणि डोकं दोरांबाहेर झुकवून फोरमनच्या टप्प्याबाहेर नेलं. दोर मागे जात, तसा ठोशांचा जोरही त्यांत जाई. हवेत गेलेला ठोसा तर मारणाऱ्यालाच महाग पडतो, कारण सुटलेला हात थांबवायचं काम त्याच्याच खांद्याच्या स्नायूंना करावं लागतं. दमट हवेत फोरमन सात फेऱ्या मारत राहिला. आठव्या फेरीत त्याचे हात जड झाले होते, ठोसे दुरूनच कळत होते. अली दोरांवरून सुटला, डाव्यापाठोपाठ उजवा लागला आणि फोरमन वेळेत उठू शकला नाही. ही युक्ती मला तरी बचावापेक्षा सावकारी वाटते: आधी मार सोसायचा, मग व्याजासकट वसूल करायचा. फोरमनच्या ठोशांपैकी बरेच अलीच्या हातांवर, बरगड्यांवर आणि थोडे डोक्यावर बसलेच होते.