टॅडकास्टरची एल आणि पाटीच्या दगडाची टाकी

सॅम्युअल स्मिथ या इंग्लंडमधल्या ब्रुअरीची ओल्ड ब्रुअरी बिटर ही माझी सगळ्यांत आवडती एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार. अल्कोहोल जेमतेम ४ टक्के, पण तोंडात भरते ती बरीच कडक बिअर असल्यासारखी. हा भरलेपणा येतो यॉर्कशरमधल्या टॅडकास्टर गावच्या पाण्यातून, यीस्टमधून आणि दगडी टाकीतून.

ब्रुअरी १७५८ची. तेव्हा खोदलेल्या विहिरीचं पाणी आजही वापरतात, सुमारे ८५ फुटांवरून उपसून. गावाखाली चुनखडीचा खडक असल्यामुळे ते जड आहे. घरात असं पाणी नकोसं होतं, डाळ शिजत नाही की साबणाला फेस येत नाही. एलला मात्र तेच मानवतं. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, दळून गरम पाण्यात कालवला की त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. पाण्यातल्या कॅल्शियममुळे हे मिश्रण किंचित आम्लधर्मी होतं आणि एन्झाइम्स जोमाने काम करतात. सल्फेटमुळे हॉपचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणा कोरडा, नेमका लागतो. पाणी मऊ असेल तिथले ब्रुअर मुद्दाम जिप्सम घालतात. गणपतीच्या मूर्तींसाठीचं प्लास्टर ऑफ पॅरिस ज्या खनिजापासून बनतं, तेच हे.

पण खरी करामत टाकीची. तिला यॉर्कशर स्क्वेअर म्हणतात. पाटीच्या दगडाच्या जाड फरशांची ही चौकोनी, दुमजली टाकी. खालच्या मजल्यात गोड द्रव आंबतो. त्याच्या छताला मधोमध माणूस उतरेल एवढं भोक, भोवती उभा काठ. आंबायला लागलं की यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे त्यांना उचलतात आणि फेसाळ यीस्ट भोकातून वर येऊन वरच्या मजल्यावर पसरतं. सोबत आलेली बिअर नळीतून परत खाली उतरते, यीस्ट वरच राहतं.

यीस्ट असं भराभर वर गेलं तर खालची साखर खाणार कोण? म्हणून खालचा द्रव पंपाने वर आणून त्या थरावर फवारतात आणि यीस्टला पुन्हा कामाला जुंपतात. तरीही ते लवकर अंग काढून घेतंच. थोडी साखर शिल्लक राहते, तसंच डायअसिटिल नावाचं लोण्याच्या वासाचं रसायनही. आंबण्याच्या शेवटी यीस्ट ते बरंचसं परत शोषून घेतं. इथे थोडं मागे उरतं. अनेक ब्रुअर याला सरसकट दोष मानतात. मला ते पटत नाही. माल्टच्या गोडीला धरून असलेला हा लोण्याचा वास टॅडकास्टरच्या एलची ओळख आहे, आणि तो काढला तर ती कोणाचीही एल होईल.

यीस्टचा हा वाण एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. विरजणासारखं एका घाण्यातलं यीस्ट पुढच्या घाण्याला लावायचं.

दुसरा क्रमांक ओटमील स्टाउटचा, म्हणजे ओट घातलेल्या काळ्या एलचा, ५ टक्क्यांची. हा प्रकार बाजारातून जवळपास नाहीसा झाला होता. १९८०मध्ये याच ब्रुअरीने तो परत आणला. ओटमधल्या बीटा-ग्लुकन या चिकट तंतुमय पदार्थामुळे ती घोटाला रेशमी लागते, भाजलेल्या धान्यामुळे कॉफीची आठवण येते. फ्रिजमधून काढल्या काढल्या मात्र पिऊ नये. गारठलेल्या बिअरमधून वासाचे रेणू फारसे उडत नाहीत. बाटली बाहेर ठेवून १२-१३ अंशांवर येऊ द्यावी, मग ग्लासात ओतावी.