ब्रेक नसलेली गाडी: भूलभुलैयातल्या कार-गेमची पार्श्वभूमी

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर मोबाईलची कव्हरं आणि चार्जर यांच्या गर्दीत हल्ली तळहातावर मावणारे गेमचे डबे लटकलेले दिसतात. वर '४०० गेम्स' असं छापलेलं असतं आणि आत चाळीस वर्षांपूर्वीचा माल. काही मुलं हेच जुने खेळ मोबाईलवर उतरवून घेतात. त्यांतला 'रॅली-एक्स' हा गाडीचा खेळ, म्हणजे गल्ल्याच गल्ल्या, मागे लागलेल्या लाल गाड्या आणि वेचायचे झेंडे असलेला, हाती लागला की पहिला प्रश्न हमखास येतो: "ब्रेक कुठाय?"

ब्रेक नाही. बहुतेक जणांचा समज असा, की त्या काळच्या यंत्रात जागा कमी होती म्हणून एवढीशी सोय राहून गेली असेल. तसं मुळीच नाही. हा खेळ पैसे टाकून खेळायच्या यंत्रासाठी बनला होता, आणि उभ्या गाडीतून यंत्राच्या मालकाला काही मिळत नाही. ब्रेक का नाही, इंधन का संपतं, धूर सोडला तर भुर्दंड का, या प्रत्येक गोष्टीला असं एक कारण आहे. ती कारणं माहीत झाली की खेळही बराच सोपा होतो.

भूलभुलैया आणि गाडी या दोन गोष्टी आधी वेगवेगळ्या घरांत वाढल्या, म्हणजे खरं तर एकाच घराच्या दोन खोल्यांत. अमेरिकेतल्या अटारी कंपनीने १९७३ साली 'गॉचा' काढला. त्यात दोन खेळाडू, एक पळणारा आणि एक पकडणारा, आणि भोवतीच्या भिंती सतत बदलत राहणाऱ्या. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्याच कंपनीचा 'ग्रॅन ट्रॅक १०' आला. त्याला खरं स्टिअरिंग, गिअर आणि पायाखाली पेडल होतं. ट्रॅक वरून पाहिल्यासारखा दिसायचा आणि त्याच्या कडा पांढऱ्या ठिपक्यांनी आखलेल्या असायच्या. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. तो जोडला गेला १९७९ मध्ये, 'हेड ऑन'मुळे.

'हेड ऑन' आज कुणाला आठवत नाही, याची मला राहून राहून चुटपुट लागते. सेगाने विकत घेतलेल्या ग्रेमलिन या कंपनीत लेन हॉक यांनी तो बनवला. पडद्यावर एकात एक बसवलेल्या चौकटींसारखे रस्ते, त्यांवर पसरलेले ठिपके. आपली गाडी एका दिशेने फिरत राहते आणि यंत्राची गाडी उलट्या दिशेने, आपल्याला समोरासमोर धडकायला येते. वळायचा प्रश्नच नाही, कोपऱ्यावर गाडी आपोआप वळते. आपल्या हातात दोनच गोष्टी: चारही बाजूंना मधोमध असलेल्या फटींपाशी लेन बदलणं, आणि बटण दाबून वेग वाढवणं. सगळे ठिपके वेचले की फेरी जिंकली. पुढच्या फेऱ्यांत धडकायला येणाऱ्या गाड्या वाढत जातात.

ठिपके वेचत फिरायचं आणि मागावर असलेल्यापासून वाचायचं, ही कल्पना जगाला पिवळ्या गोल तोंडाच्या 'पॅक-मॅन'ने दिली असं सर्रास लिहिलं जातं. 'पॅक-मॅन' १९८० चा. ठिपके त्याआधी गाडीने वेचले होते.

'हेड ऑन' खेळताना नवखा माणूस वेगाचं बटण दाबूनच धरतो, आणि तिथेच मरतो. वेगात फट चटकन मागे पडते आणि लेन बदलायला वेळच उरत नाही. जाणकार खेळाडू बटण फक्त सरळ रस्त्यावर, समोरची गाडी दुसऱ्या लेनमध्ये आहे याची खात्री झाल्यावरच दाबतो. गाड्यांच्या या खेळात जिंकायला वेग आवरावा लागतो. हे तेव्हाही लोकांच्या लवकर ध्यानात येत नसे आणि आजही येत नाही. अटारीच्या घरगुती यंत्रावर याच धर्तीचा 'डॉज एम' १९८० मध्ये कार्ला मेनिन्स्की यांनी लिहिला. कल्पना तीच, चार रस्त्यांची.

मग जपानच्या नामको कंपनीची पाळी आली. मासाया नाकामुरा यांनी १९५५ मध्ये ही कंपनी काढली, ती दुकानांच्या गच्चीवर लहान मुलांसाठी झुलते घोडे बसवण्याच्या धंद्यातून. पंचवीस वर्षांनी, १९८० या एकाच वर्षात, तिच्याकडून तीन भूलभुलैये बाहेर पडले: 'पॅक-मॅन', 'रॅली-एक्स' आणि 'टँक बटालियन'. यातल्या तिसऱ्याचं नाव लक्षात ठेवा, नाशिकपर्यंत पोचला तो त्याचाच वंशज.

'रॅली-एक्स'मध्ये आपली गाडी निळी, मागे लागणाऱ्या लाल. मैदानात दहा पिवळे झेंडे. सगळे वेचले की फेरी संपली. 'हेड ऑन'च्या मानाने यात मोठा बदल असा, की सगळं मैदान एका वेळी दिसतच नाही. पडद्यावर त्याचा एक तुकडा दिसतो आणि गाडी जाईल तसं चित्र चारही दिशांना सरकतं. त्या काळात असं सरकणारं चित्र दाखवणारे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पण दिसत नसेल तर खेळायचं कसं? म्हणून उजव्या बाजूला रडार दिलं. त्यात भिंती नाहीत, फक्त ठिपके: झेंडे कुठे, लाल गाड्या कुठे आणि आपण कुठे.

इथे नावाबद्दल थोडं. खऱ्या रॅलीत गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात, स्पर्धा घड्याळाशी असते आणि शेजारी बसलेला सहचालक पुढची वळणं वाचून दाखवतो. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या नाशिक परिसरात झाल्या आहेत, त्यामुळे इथल्या अनेकांनी हे जवळून पाहिलंय. त्यांना या खेळाचं नाव जरा फसवं वाटेल, कारण यात पाठलाग आहे, रॅली नावालाच. मात्र रडार बरोबर त्या सहचालकाचं काम करतं. जो खेळाडू आपल्या गाडीकडेच बघत बसतो तो पहिल्या दोन फेऱ्यांतच आउट होतो. नजर रडारवर ठेवायची, आणि गाडीकडे फक्त वळणाच्या क्षणी बघायचं.

बचावाला एक हत्यार आहे: धूर. बटण दाबलं की मागे धुराचा लोट सुटतो आणि त्यात शिरलेली लाल गाडी काही वेळ जागच्या जागी गरगरत राहते. पण प्रत्येक लोट इंधन खातो, आणि इंधन तसंही सतत कमी होत असतं. ते संपलं की गाडी लगेच मरत नाही. ती मंदावते आणि मग लाल गाड्या तिला सहज गाठतात. पैसे टाकून खेळायच्या यंत्राचं गणित इथे उघडं पडतं. थेट घड्याळ लावलं असतं तर गिऱ्हाईक चिडलं असतं. इंधनाचा काटा लावला की आपण आपल्याच चुकीने संपलो असं त्याला वाटतं, आणि तो पुन्हा खिशात हात घालतो. तेव्हा धूर लाल गाडी अगदी मागे चिकटल्यावरच, आणि एखाद्याच झटक्यात सोडायचा. उगाच बटण दाबत सुटणारा खेळाडू मालकाच्या फायद्याचा.

झेंड्यांचे गुण चढत्या क्रमाने: पहिल्याला १००, दुसऱ्याला २००, असे दहाव्याला १०००. एका झेंड्यावर इंग्रजी 'एस' अक्षर असतं. तो घेतला की पुढच्या प्रत्येक झेंड्याचे गुण दुप्पट. म्हणजे तो जितका आधी, तितका फायदा जास्त. पण गाडी मेली की दुप्पट बंद, आणि मोजणी पुन्हा १०० पासून. वाटेत दगडही असतात, त्यांना लागलं की गाडी खलास. तिसऱ्या फेरीला, आणि मग दर चौथ्या फेरीला, 'चॅलेंजिंग स्टेज' येते: लाल गाड्या उभ्याच राहतात, आपलं इंधन संपेपर्यंत. बोनस फेरीची पद्धत रुळवणाऱ्या सुरुवातीच्या खेळांत याची गणना होते. त्या फेरीत धुराला हातही लावायचा नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

एक गोष्ट वारंवार सांगितली जाते: १९८० मध्ये अमेरिकेतल्या व्यापारी प्रदर्शनात जाणकारांनी 'पॅक-मॅन'ला बाजूला सारून 'रॅली-एक्स' चालेल असं भाकीत केलं होतं. गोष्ट छान आहे, म्हणूनच मला तिचा भरवसा वाटत नाही. एवढं मात्र खरं, की 'पॅक-मॅन' जगभर गेला आणि 'रॅली-एक्स' तुलनेने अवघड म्हणून मागे राहिला. १९८१ मध्ये नामकोने 'न्यू रॅली-एक्स' काढला. रस्ते मोकळे, संगीत नवं, आणि 'एल' अक्षराचा एक लकी झेंडा, जो घेताना उरलेल्या इंधनाच्या हिशेबाने गुण देतो. शिकायचं असेल तर इथूनच सुरुवात करावी.

गाडी या खेळात केवळ सोंग आहे, याचा पुरावा कमोडोर कंपनीच्या घरगुती संगणकावर मिळतो. तिथे 'रडार रॅट रेस' नावाचा खेळ आला, हुबेहूब 'रॅली-एक्स'सारखा, फक्त गाडीच्या जागी उंदीर आणि झेंड्यांच्या जागी चीजचे तुकडे. नियम जसेच्या तसे चालले, कुठे काही अडलं नाही.

आपल्याकडे या यंत्रांची वाट लांबची होती. रंगीत दूरदर्शन १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी आलं. परदेशी यंत्रं आणायची तर जकात भरमसाट. १९९१ नंतर चित्र बदललं आणि नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम मध्यमवर्गीय घरांत शिरले. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या या बहुतेक नकला, वेगवेगळ्या नावांनी विकल्या गेलेल्या. सिडको असो, पंचवटी असो की नाशिक रोड, मुलांची भाषा एकच: कार्ट्रिजला 'कॅसेट', जॉयस्टिकला 'रिमोट'. कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायची. पुढे भारनियमनाच्या काळात तर स्टेज विसावी असो की तिसावी, वीज गेली की सगळं पुसलं.

या कॅसेटांत 'रॅली-एक्स' क्वचितच असायचा. असायचा तो 'टँक', म्हणजे नामकोचा १९८५ चा 'बॅटल सिटी', 'टँक बटालियन'चा सुधारलेला अवतार. पस्तीस स्टेज, दर स्टेजला शत्रूचे वीस रणगाडे, खाली विटांच्या आड गरुडाचं चिन्ह. अमेरिकेत तो त्या वेळी अधिकृतपणे विकलाच गेला नाही, पण नकली मल्टी-कॅसेटांनी तो आशियाभर पसरवला. म्हणून नाशिकच्या पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाला भूलभुलैयात वाहन चालवायचं अंगवळणी आहे, फक्त रणगाडा थांबवता येतो. 'रॅली-एक्स'वर बसल्यावर याच सवयीने त्याचा घात होतो. तो कोपऱ्यावर विचार करायला थांबू बघतो. गाडी थांबत नाही, भिंतीला लागली की आपणहून कुठेतरी वळते, आणि बहुतेक वेळा नको तिकडे.

जुने खेळ आज खेळता येतात याचं बरंचसं श्रेय 'मेम' या एम्युलेटरला, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला, जातं. निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला, सुरुवात 'पॅक-मॅन'च्या जातीच्या यंत्रांपासून. एम्युलेटर मोफत असला तरी खेळाची फाइल कुणाच्या तरी मालकीची असते. सरळ मार्गाने खेळायचं तर नामकोचे संग्रह आहेत. १९९५ मध्ये प्लेस्टेशनसाठी आलेल्या 'नामको म्युझियम'च्या पहिल्या खंडात 'रॅली-एक्स' आणि 'न्यू रॅली-एक्स' दोन्ही होते.

मोबाईलच्या काचेवर खेळणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. मूळ यंत्राला चार दिशांची काठी होती, आणि हात न बघता तिच्यावर फिरायचा. काचेवर बोट सरकतं आणि आपण वर दाबतोय की उजवीकडे, हे कळत नाही. त्यावर उपाय असा: वळण येण्याआधीच हवी ती दिशा दाबून धरावी. गल्लीचं तोंड आलं की गाडी आपोआप आत शिरते. रस्ता बंद असेल तर ती सरळच जात राहते, त्यामुळे आधी दाबल्याने काही बिघडत नाही. साधं ब्लूटूथ बटण घेऊन काम भागत नाही. चार दिशांचा क्रॉस असलेला कंट्रोलर असेल तर उत्तम, आठ दिशांची काठी असेल तर सेटिंगमध्ये ती चारवर आणून ठेवावी, कारण तिरकी दिशा या खेळाला समजतच नाही.